कोऱ्या कागदावरची मशीद

काल नातीच्या लग्नपत्रिका आणायला छापखान्यात गेले आणि शाईच्या वासानं मला सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात, शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात नेऊन उभं केलं.

मी नवी शिक्षिका होते. चित्रकलेच्या रूथबाई कोकणातल्या मराठी ज्यू. आपल्या प्रार्थनामंदिराला त्या मशीदच म्हणायच्या. पोलंडमधली अशीच एक लाकडी मशीद दुसऱ्या महायुद्धात माणसांसकट जाळली गेली होती. जुन्या फोटोवरून ती त्यांनी लाकडी ठोकळ्यावर कोरली होती.

भर दुपारी, उन्हामुळे दारं लावून, आम्ही छापायला बसलो. बाईंनी ठोकळ्याला शाई एकदाच लावली. एकेक ओलसर कागद त्यावर दाबून उचलत गेलो, तशी दर कागदावर मशीद फिकी होत गेली. शेवटचा कागद कोराच निघाला.

"वाया गेला की हा," मी म्हणाले.

"डोळे मीट आणि बोट फिरव."

नुसत्या दाबाचे वळ होते. उतरतं छप्पर, भिंत, मग दाराची चौकट बोटाला लागली.

बाईंनीही त्या चौकटीला बोटं लावून ओठांना टेकवली, स्वतःच्या घरात शिरताना ज्यू रिवाजानं टेकवायच्या तशी.

"आता हळू बोल," त्या म्हणाल्या. "आत प्रार्थना चाललीय."

तेव्हा मी हसले होते.

तो कोरा कागद आता माझ्या भिंतीवर आहे. त्या खोलीत कुणी मोठ्यानं बोललं, की माझं बोट आपोआप ओठांवर जातं.