हाकेच्या अंतरावर

घराच्या दलालाने मला फसवलं. बायकोच्या थोरल्या बहिणीचं घर इथून "जवळच, पलीकडेच, अगदी स्टोन्स थ्रो" आहे, असं तो म्हणाला. मी नुसत्या बोलण्यावर भुलणारा नाही. गॅलरीतून "ताई" म्हणून हाक मारली, समोरून ओ आली, तेव्हाच सौदा केला. मधल्या रस्त्याला उंच कुंपण होणार, हे त्याने दडवलं. आता पादचारी पुलाचे जिने चढून जावं लागतं आणि दोघींचे गुडघे गेलेत. बायको रोज संध्याकाळी गॅलरीतून हाक मारते. जवळपणाला इतके शब्द आहेत, पण त्यातला एकही रस्ता ओलांडत नाही. ताईंची ओ दिवसेंदिवस क्षीण होत चालली आहे.

"उद्या ओ आली नाही, तर मी कशी जाऊ हो?" बायकोने आज विचारलं.

त्या दलालाने या गॅलरीत यावं आणि तिला याचं उत्तर द्यावं.