अडकणारा गिअर

माझ्या मोटरसायकलचा गिअर अडकायला लागला, तेव्हा मी धुळ्यात दोनदा सर्व्हिसिंग करून घेतली. ऑइल बदललं, क्लच प्लेट बदलली आणि भेटेल त्याला गिअरबॉक्सवर व्याख्यान दिलं. तेच व्याख्यान नरडाणा फाट्यावरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकलाही ऐकवलं. तो कानात काडी फिरवत नुसता माझ्या पायांकडे बघत होता. मग त्याने गिअरचा दांडा काढून एक खाच वर बसवला.

"गाडीले काहीच व्हयेल नही, भाऊ. तुमना बूट जाड शे."

खरंच, रुबाबासाठी घेतलेला तो बूट दांड्याखाली मावतच नव्हता.

आता घरात बायकोशी वाजलं, की तोंड उघडण्याआधी मी एकदा स्वतःच्या पायांकडे बघून घेतो.