तोंडाकडे बघणारी पोर

गुणाजीने अठरा वर्षं परळच्या एका गिरणीत कापड विणायचे साचे चालवले. साचेखात्यात धडधडाट एवढा, की कुणी कानाशी बोंब मारली तरी ऐकू जायची नाही. म्हणून तिथे माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायची आणि समोरचा बरोबर वाचायचा. मुलगी झाल्याची बातमी गुणाजीला अशीच, तीन साच्यांपलीकडून मिळाली होती. पुढे संप झाला, गिरणी गेली, तो मुलुंडला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागला. सवय मात्र सुटली नाही. घरातही तो पुटपुटायचा, ओठ तेवढे नीट हलायचे.

मुलगी शुभा, आठ वर्षांची. नाक कायम चोंदलेलं, तोंड कायम उघडं, आणि घोरायची तर जेवून आडव्या झालेल्या मामलेदारासारखी. सुगंधाने, तिच्या आईने, ओव्याची पुरचुंडी शेकली, वेखंड उगाळलं, नाक्यावरच्या डॉक्टरचं लाल औषध सहा महिने पाजलं. फरक शून्य. त्यात शाळेतून चिठ्ठी आली, मुलीचं लक्ष नसतं, पास होणं कठीण.

गुणाजीचं टाळकं सटकायचं ते वेगळ्याच गोष्टीने. तो बोलायला लागला, की पोर आ वासून थेट त्याच्या तोंडाकडे बघायची.

"मोठ्यांच्या तोंडाकडे काय बघतंस? मान खाली घाल!" असं म्हणून तो एक ठेवून द्यायचा. पोर मान खाली घालायची, आणि मग सांगितलेलं एकही काम करायची नाही. म्हणजे पुन्हा थोबाडीत.

"मे म्हयन्यात हिका गावाक आजयेकडे ठेवतंय," त्याने एके दिवशी जाहीर केलं. "गुरां राखात. शाळेत काय दिवे लावणार?"

"आधी एकदा मोठ्या हॉस्पिटलात दाखवया," सुगंधा रडत म्हणाली. "मगे काय करूचा तां करा."

हॉस्पिटलात कान-नाक-घशाच्या डॉक्टर अनुपमाबाई होत्या. त्यांनी शुभाला समोर स्टुलावर बसवून नाव विचारलं, शाळा विचारली. पोरीने चटचट सांगितलं. मग बाईंनी केसपेपर उचलून स्वतःच्या तोंडासमोर धरला आणि त्याच आवाजात विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

पोर गप्प. बाईंनी कागद खाली घेतला आणि तेच पुन्हा विचारलं.

"पेज," शुभा म्हणाली.

"हिला कमी ऐकू येतंय. ही ओठ वाचते," बाई म्हणाल्या. "कुणी शिकवलं हो हिला?"

गुणाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या विद्येवर त्याने अठरा वर्षं काढली, ती ह्या एवढ्याशा पोरीने एकटीने कमावली होती, आणि त्याबद्दलच तो पोरीला मारत आला होता. साचेवाल्याला घरातला साचेवाला ओळखता आला नाही. दुसऱ्या कुणाचं चुकलं असतं तर चाललं असतं, त्याचं चुकायला नको होतं.

आणखी तपासण्या झाल्या. एक्स-रे उजेडावर धरून बाईंनी समजावलं. नाकाच्या मागे, टाळूच्या वर मांसाची एक छोटी गादी असते, तिला अ‍ॅडिनॉइड म्हणतात. ती सगळ्याच मुलांना असते आणि जंतू अडवते. पण सारखी सर्दी झाली की तीच सुजून बसते. मग नाकाची वाट बंद होते आणि मूल तोंडाने श्वास घेतं. नाकामागून कानाकडे जाणारी नळीही तिच्यामुळे तुंबते आणि पडद्यामागे पाणी साचतं.

"पुष्कळ मुलांची सूज औषधाने उतरते, वय वाढलं की गादी आपोआपही आटते," बाई म्हणाल्या. "हिचे कान किती महिने भरलेत. आता थांबायला नको. भूल देऊन तोंडातूनच ती गादी काढू, बाहेरून टाका नाही. पडद्याला बारीक छेद देऊन पाणीही काढू." मग सहज विचारल्यासारखं त्या म्हणाल्या, "घरी मारत नाही ना कुणी? अशा मुलांना लोक उगाच मठ्ठ समजतात."

सुगंधा फरशीकडे बघत राहिली. हिने सांगून टाकलं तर बरं, असं गुणाजीला वाटलं. तिने सांगितलं नाही, आणि त्याची जीभ उचलली नाही. गावाचं नाव मात्र त्याने पुन्हा काढलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शुभा खाटेवर उशीला टेकून बसली होती. आजूबाजूला दहा-बारा पोरं, त्यांच्या आया. एवढ्या लोकांत बोलायची गुणाजीला लाज वाटली. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि साचेखात्यातल्यासारखे नुसते ओठ हलवून म्हणाला, "माझा चुकला गो, बाय."

त्याचे ओठ हलले मात्र, पोरीने झटकन मान खाली घातली. त्यानेच शिकवलं होतं ना! त्याने पुन्हा ओठ हलवले. त्याला तिचा नुसता भांग दिसत होता.

मग त्याला राहवेना. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तो ओरडला, "माझा चुकला! मी उगीच मारलंय तुका!"

सगळ्या आया वळून बघायला लागल्या. नर्स दारातून धावत आली.

शुभाची मान खालीच होती.

"बाबा, ओरडू नका ना," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "ऐकू येतंय मला."