हिरव्या कागदाच्या फायली

मी चौथी शिकलेली बाई. लिहिण्याचा हात बसला तो मारहाणीच्या तक्रारी लिहून लिहून. हसू नका, खरंच सांगतेय. आमच्या महिला संस्थेत बाई रडत सांगायची आणि मी उतरवून घ्यायची. तापल्या उलथन्याने चटका दिला. केस धरून न्हाणीत आपटलं. पोटुशी असताना लाथ घातली. माझं अक्षर सुधारलं ते असल्या मजकुरावर.

आता त्या सगळ्या फायली कॉम्प्युटरमध्ये घालायचं चाललंय. मी धायरीहून बसने येते. दोरा सोडायचा, गंजक्या टाचण्या काढायच्या, पान स्कॅनरच्या काचेवर पालथं घालायचं, एवढं मी शिकलेय. कॉम्प्युटरवर शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई बसतात. प्रकरणाचा शेवट काय झाला, ते त्या टाइप करतात.

आमची एक पद्धत होती. नवऱ्याने ‘पुन्हा हात उचलणार नाही’ असं लिहून दिलं की दोघांना चहा पाजायचा आणि फायलीवर हिरवा कागद डकवायचा. हिरवा म्हणजे संसार मार्गी लागला. ती फाइल पुन्हा कुणी उघडायची नाही. हिरव्यांनी कपाट भरत गेलं तसं आम्हाला कोण कौतुक वाटायचं!

परवा एक हिरवी हातात आली. लोणी काळभोरची बाई. वरवंट्याने तिची बोटं ठेचली होती. दोन बोटांची नखं मी तेव्हा टेबलावर, पुरचुंडीत बांधून आणलेली पाहिली होती. पान पालथं घालायचं सोडून मी वाचत बसले.

‘‘मावशी, झोप लागली का?’’ बाई म्हणाल्या. ‘‘हिरवी आहे ना? तडजोड लिहिते.’’

‘‘थांबा हो.’’

शेवटच्या पानावर माझंच अक्षर होतं. ‘बाई भित्र्या स्वभावाची. समजूत घातली. नांदायला पाठवली.’

ती काय म्हणाली होती, ते मी लिहिलंच नव्हतं. ती जिन्यात माझा पदर धरून म्हणाली होती, ‘‘ताई, आज नगा पाठवू. पहार उशाला घिऊन झोपतोय त्यो.’’ खाली नवरा रिक्षा थांबवून उभा होता, माझ्याकडे बघून हात जोडत होता. मी पदर सोडवून घेतला. म्हटलं, ‘‘अगं, लिहून दिलंय त्याने.’’

पंधरा दिवसांनी तिचा भाऊ निरोप घेऊन आला. त्याच पहारेने डोकं फोडलं होतं. मी सरकारी दवाखान्यात गेले. चेहरा असा उरलाच नव्हता. ठेचलेल्या बोटांवरून ओळखली. परत आले आणि कुणापाशी चकार शब्द काढला नाही. फाइल तर बंद झालेली होती.

हे सगळं बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

‘‘संस्थेच्या कार्यक्रमात या हिरव्यांचाच आकडा सांगणार आहेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही गप्प बसलात तर कुणाला कळायचं नाही, मावशी. आणि बोललात तर लोक तुम्हालाच धरतील.’’

‘‘धरू देत. तिला मी धाडली.’’

मी कोरा कागद घेतला. ती जिन्यात जे बोलली, ते तिच्याच शब्दांत लिहिलं. पहार लिहिली, रिक्षा लिहिली, पदर सोडवून घेतला तेही लिहिलं. खाली सही केली.

बाईंनी तो कागद काचेवर ठेवला. कॉम्प्युटरवर तडजोडीच्या जागी ‘खून’ टाइप केलं. मग उठल्या, कपाटातली पुढची हिरवी फाइल काढून माझ्या मांडीवर ठेवली.

‘‘ही बाई जिवंत आहे का हो?’’

मी नाव वाचलं. मला माहीत नव्हतं.