वहिनीचं मुसळ आणि घुबड

वहिनी गेल्याचा फोन नाशिकला आला, तेव्हा दादाने डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, हृदयविकार. मी पिंपळगावजवळच्या आमच्या गावी पोचेपर्यंत लोकांनी डॉक्टरला खोटं ठरवलं होतं. वहिनीला म्हणे तिच्या शेतातल्या घुबडाने नेलं... महिना झाला, माझा राग काही उतरत नाही.

नव्वदच्या दशकात एका हिवाळ्यात उंदरांनी शिवारात धुमाकूळ घातला. गहू ओंबीवर आलेला, आणि सकाळी पाहावं तर ताटं बुडातून कुरतडलेली. सगळ्यांनी घाईने विष टाकलं. आधी दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा घालून उंदरांना चटक लावायची, मग विष कालवायचं, एवढा धीर कोणाला? थोडे मेले, बाकीचे शहाणे झाले. आणि वहिनीला बांधावर घुबड मरून पडलेलं दिसलं, शेजारी अर्धा खाल्लेला उंदीर.

"रातचा राखणदार व्हता, वन्सं. आपणच मारला," ती मला म्हणाली.

तिने गव्हात बाभळीची मेढ रोवली आणि घुबडाला बसायला वर आडवं मुसळ बांधलं. तिच्या लग्नात आंब्याची पानं बांधून ज्याने हळद कुटली, तेच. आईने कपाळाला हात लावला. "सवाष्णीचं मुसळ घुबडाच्या बुडाखाली? मरण बोलावतंय ते."

"बोलवू द्या की, आत्याबाई. उंदरांचंच बोलावतंय."

गावाने मेढ उपटली, तिने पुन्हा रोवली. सगळा भार घुबडावर टाकून ती बसली नाही. बांधाचं गवत काढलं, बिळं खणली, आणि एकट्याच्या रानात खणून भागत नाही म्हणून दारोदार भांडली. निम्म्यांनी ऐकलं. पुढच्या साली गहू घरात आला. श्रेय गावाने थंडीला दिलं.

वहिनीच्या तेराव्याला दादा कुदळ घेऊन निघाला. "मेढ काढून टाकतो, सुशे. लोकं लय बोलतात."

मी वाटेत उभी राहिले. "ज्या बायांनी वहिनीची ओटी भरताना 'सवाष्ण गेली, भाग्याची' म्हटलं, त्याच घुबडाला शिव्या देतात. खरंच भाग्याची असेल, तर त्याला निवद दाखवा म्हणावं."

 दादा शेतात गेला आणि कुदळीने मेढीच्या बुडाशी माती ओढून पायाने दाबली.

इतक्या वर्षांत मेढी बदलल्या, मुसळ तेच राहिलं. त्यावर विष्ठेचे पांढरे ओघळ आहेत, ते आम्ही धुणार नाही. त्या तिन्हीसांजेला घुबड येऊन बसलं... आता ज्याला मेढ उपटायची असेल, त्याने आधी मला भेटावं.