साहेबांनी पुढे ठेवलेल्या चपला

पाहुण्याच्या कपातला शेवटचा घोट संपला की साहेब उठायचे, दारातून नेमक्या त्याच्याच चपला आणायचे आणि त्याच्या पायांपुढे ठेवायचे, तोंड फाटकाकडे करून. "चहा व्हयना. चपला." म्हणजे चहा झाला, आता निघा! आपल्याकडे निघालेल्या माणसाला "बसा हो, काय घाई आहे" म्हणत अर्धा तास दारात ताटकळवतात. साहेबांना असली नाटकं चालत नव्हती, आणि खरं सांगू, मला तो माणूस तेवढ्यासाठीच आवडायचा.

शहाद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर स्वमग्न प्रौढांचं निवासी घर आहे, तिथे मी काळजीवाहक होते. साहेब तिथले रहिवासी. कळसाडीच्या गुजर घरातला चाळिशीचा गडी, ताठ मान, कडक इस्त्रीचा शर्ट. दुसरं काय नाव पडणार?

एकदा बाजारपेठेतले एक शेठजी नातवाच्या वाढदिवसाला केक घेऊन आले आणि "ही सगळी देवाची लेकरं" म्हणून भाषणाला उभे राहिले. देवाची लेकरं दाढ्या खाजवत केककडे बघत होती. साहेब चपला आणतील या धास्तीने आमच्या व्यवस्थापकांनी त्या आधीच कपाटात कुलूपबंद केल्या होत्या. साहेबांचं काय अडतंय? त्यांनी न्हाणीघरातल्या ओल्या सपाता आणून शेठजींपुढे मांडल्या. "चहा व्हयना." मी पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाले.

पण इथे राहायला आले तेव्हा हेच साहेब स्वतःच्या पायातली चप्पल सोडायला तयार नव्हते. जेवताना चपला, गादीवर चपला. चादरी धुऊन धुऊन माझा जीव मेटाकुटीला आला. ओरडले की फाटकाकडे बघत म्हणायचे, "घर चाल."

त्यांची म्हातारी माय दर बाजाराच्या दिवशी केळी घेऊन यायची. एकुलता एक लेक, नवरा कधीच गेलेला. आल्या आल्या मला विचारायची, "पायमा चपला घालीसनच झोपस का आजून?" मी हो म्हटलं की मटकन बसायची. "मन्हा मांगे याले कोण देखी वं? आठे तेन्हं मन लागाले पाहिजे." आपल्या मागे लेकाला कोण बघणार, म्हणून त्याचं मन इथे लागायला हवं, हा तिचा एकच घोर.

मग एका बाजारी तिचा चहा संपला आणि साहेब उठले. मायच्या चपला आणून तिच्यापुढे ठेवल्या. कुणाच्याही चपला आणण्याची ही त्यांची पहिलीच वेळ! माझं डोकंच फिरलं. "अहो, आई आहे ती तुमची, हाकलताय काय?"

"वरडू नको वं," माय म्हणाली. "तेन्हा पाय देख."

साहेब अनवाणी होते. त्यांच्या चपला दाराजवळच्या फळीवर, आम्हा सगळ्यांच्या चपलांशेजारी. माय डोळे पुसत हसत सुटली. "पाव्हनाले घरधनीच वाटे लावस. आते हाई तेन्हं घर शे." पाहुण्याला निरोप देतो तो घरचा मालक, म्हणजे हे घर आता लेकाचं! त्या दिवशी ती चपला घालून निघाली ती सून आणल्यासारखी खुशीत.

पुढे माय गेली. दिवसकार्याला आम्ही साहेबांना कळसाडीला नेलं. जन्मल्या घरात त्यांनी चपला काढल्याच नाहीत. चहा झाल्यावर माझ्या चपला पुढे ठेवून गाडीत जाऊन बसले. परत येताना मी खिडकीकडे तोंड करून रडत होते, आणि ते मायच्या घरून आणलेली केळी खात होते.

लग्न ठरलं आणि मी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी मनात वेडी आशा होती, की आज तरी हा माणूस माझ्या चपला लपवून ठेवील. चहा झाला. साहेबांनी चपला आणल्या, तोंड फाटकाकडे.

"मेल्या साहेबा, मलाही पाहुणी केलंस!" म्हणत मी भोकाड पसरलं. साहेब अनवाणीच फाटकापर्यंत आले, कडी काढली, मला बाहेर काढलं, कडी लावली आणि घरात निघून गेले. एकदासुद्धा मागे वळून पाहिलं नाही. मायला हेच तर हवं होतं.