लिस्बनमधलं गाऱ्हाणं

आमच्या युरोपच्या टूरमध्ये मालवणजवळच्या आचऱ्याचे एक काका होते. त्यांचं नाव मी विचारलं नाही, कारण मालवणचा असून मी बसभर मुंबईकर म्हणून मिरवत होतो आणि गाववाल्यांपासून जपून राहत होतो. काका मात्र पुतळा दिसला, की बुटातून पाय काढून हात जोडत. पुतळा कोणाचा, ही चौकशी नंतर.

लिस्बनला मी ऐटीत गाइडच्या पिवळ्या छत्रीमागे निघालो, आणि काका माझ्या भरवशावर माझ्यामागे. बऱ्याच वेळाने कळलं, की ती छत्री दुसऱ्याच टूरची. माझा फोन बसमध्ये, बस विमानतळाकडे निघायच्या बेतात, आणि आम्ही दोघे नदीकाठच्या चौकात, घोड्यावरच्या कुठल्याशा राजासमोर.

काकांनी बूट काढले आणि गावच्या देवळात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, तुजी माणसां आमच्या किनाऱ्यार इली, तेवा आमी तेंका वाट दाखयली. आता आमची बस खंय आसा, ती तू दाखय रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला साथ द्यायची सवय लहानपणापासूनची. "व्हय म्हाराजा," मी बोंबललो.

काका वळले. "मुंबयचो मां तू?"

तेवढ्यात आमचा आवाज ऐकून आमची गाइड धावत आली आणि तिने मला चारचौघांत झापलं. काकांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. बूट घालत ते राजाला म्हणाले, "नारळ आचऱ्याक गेल्यार फोडतंय. हंय काय गावूचो नाय."